सिंथेसायझरवर बंदी घालण्याआधी तो जुळवून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाट्यसंगीत आणि एकांकिका स्पर्धांतून सिंथेसायझर हद्दपार करावा, अशी मागणी करणारी पत्रे गेले काही दिवस आपल्या दैनिकात येत आहेत. त्यांतल्या तक्रारी खोट्या नाहीत. की-बोर्ड गाणाऱ्याच्या सुराला चिकटत नाही, शहनाईच्या टोनमागे कुणाचा श्वास जाणवत नाही, स्पीकर सारखा घुरघुरत असतो. सांगली-मिरजेच्या बऱ्याच प्रयोगांना हे ऐकू येते. पण या प्रत्येक तक्रारीचे कारण वेगळे आहे, आणि वाद्य विजेवर चालते हे त्यांतल्या एकाचेही कारण नाही. ध्वनिमुद्रण, ध्वनिसंयोजन आणि की-बोर्ड दुरुस्ती ही आमची रोजची कामे असल्याने थोडे तपशिलात जाऊन लिहितो.

'जुन्या चित्रपटांत सगळी वाद्ये खरी असायची' हे विधान एका पत्रात ठासून केले आहे. १९५४च्या 'नागिन'मधली ती गाजलेली पुंगी गारुड्याची नव्हे. संगीत हेमंतकुमारांचे, आणि ती धून कल्याणजी यांनी क्लॅव्हियोलिन या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाजवलेली आहे. सोबतीला रवी यांची पेटी होती. क्लॅव्हियोलिन हे फ्रान्समधल्या कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७मध्ये तयार केलेले तीन सप्तकांचे छोटे वाद्य. आत काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा एकच आंदोलक, त्यामुळे एका वेळी एकच सूर. समोर आवाजाचा पोत बदलणाऱ्या पट्ट्या, कंपनाचा वेग आणि खोली ठरवण्याची सोय, आणि आवाज लहानमोठा करायला गुडघ्याने ढकलायचा दांडा. खऱ्या पुंगीचा पल्ला जेमतेम सप्तकभर, आणि तिची पट्टी वाद्यवृंदाबरोबर जुळवणे म्हणजे डोकेदुखी. चित्रपटाच्या चालीला लांब उड्या हव्या होत्या, नेमकी पट्टी हवी होती आणि नाकातला तो चिरका पोतही हवा होता. एकसुरी वाद्यावर एक पट्टी धरून ठेवून दुसरीला निसटता स्पर्श केला की पुंगीसारखा खटका येतो. वाद्याच्या मर्यादेचाच तिथे उपयोग करून घेतला आहे. सत्तर वर्षे लोक त्या धुनीवर डोलताहेत आणि कुणालाही ती नकली वाटलेली नाही.

बाहेरही हेच झाले. आल्फ्रेड हिचकॉकच्या १९६३च्या 'द बर्ड्स'मध्ये रूढ अर्थाचे पार्श्वसंगीतच नाही. पक्ष्यांचे चीत्कार ऑस्कर साला यांनी ट्राउटोनियम या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर घडवले. बीबीसीने १९५८मध्ये असे इलेक्ट्रॉनिक आवाज घडवण्यासाठी रेडिओफॉनिक वर्कशॉप नावाचा स्वतंत्र विभाग काढला आणि तो १९९८पर्यंत चालवला. आपल्याकडे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून स्टुडिओ उभा केला होता, आणि मुंबईच्या चित्रपटसंगीतात मूग रुळवणाऱ्यांत केरसी लॉर्ड यांचे नाव आदराने घेतात. तेव्हा हे वाद्य काल-परवाचे नाही.

बंदीचीही आपल्याकडे परंपरा आहे. आकाशवाणीने १९४०मध्ये हार्मोनियम बंद केली. आक्षेप दोन होते: तिचे सूर ठरावीक जागी गोठलेले असतात आणि तिच्यावर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे, निघत नाही. ही बंदी सैल व्हायला १९७०चे दशक उजाडावे लागले. आज की-बोर्डवर घेतले जाणारे आक्षेप जवळपास तेच आहेत, फरक एवढाच की हार्मोनियमला ते लागू होते आणि की-बोर्डला होत नाहीत. त्याचे सूर हलवता येतात. मींडही काढता येते. बहुतेक जण तो पर्याय उघडतच नाहीत.

आणि हे दुर्लक्ष सांगलीत व्हावे याचे जास्त वाईट वाटते. कृष्णाजी बल्लाळ देवल हे इथले निवृत्त डेप्युटी कलेक्टर. मिरजेच्या खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्यातले सूर तारेवर मोजून त्यांनी २२ श्रुतींचे, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म सुरांचे, गणित मांडले आणि १९१०मध्ये ते पुस्तकरूपाने छापले. पुढे अर्नेस्ट क्लेमेंट्स या न्यायाधीशांच्या साथीने सप्तकात बारापेक्षा जास्त सूर असलेली श्रुती-हार्मोनियम तयार झाली. १९१६च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिची चर्चा झाली, वादही झाले. त्या काळी एकेक सूर हलवायचा म्हणजे पितळी जीभ कानशीने घासायची, आणि जास्त घासली गेली तर टाकून द्यायची. आज तेच काम 'स्केल ट्यून' नावाच्या पानावर दोन बटणांनी होते आणि आवडले नाही तर शून्यावर परत आणता येते. मध्यम किमतीच्या अरेंजर (तयार ताल-साथ असलेल्या) की-बोर्डांतही ही सोय बहुधा असते. प्रत्येक सूर साधारण ६४ सेंट खाली किंवा ६३ सेंट वर सरकवता येतो.

सेंट म्हणजे काय ते आता सांगतो. लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे सेंट. पूर्ण सप्तक १२०० सेंटांचे. की-बोर्ड कारखान्यातून येतो तो बारा सारख्या भागांचा. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गांधार आपोआप उमटतो तो षड्जापासून ३८६ सेंटांवर असतो. की-बोर्डचा ४००वर, म्हणजे १४ सेंट चढा. शुद्ध धैवत १६ चढा, शुद्ध निषाद १२ चढा. कोमल गांधार उलट १६ उतरलेला आणि कोमल धैवत १४ उतरलेला. मध्यम-पंचमात फरक दोनच सेंटांचा, तिकडे लक्ष दिले नाही तरी चालते.

ऐकताना हे कसे कळते? काळी चारमध्ये (सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीला षड्ज धरून) गाणाऱ्या बाईंचा षड्ज २०८ हर्ट्झच्या आसपास. त्यांचा गांधार येतो २५९.६वर आणि की-बोर्डची पांढरी एक वाजते २६१.६वर. दोन्ही एकदम लांबले की सेकंदाला दोनदा आवाज डुलतो. गायिकेला वाटते आपलाच सूर उतरला. ती थोडी वर सरकते, मग तानपुऱ्याशी तिचे जमत नाही, आणि परीक्षकांच्या वहीत 'गांधार ढळतो' अशी नोंद पडते. श्रोते मात्र मोघम म्हणतात, की-बोर्डवाला बेसूर होता.

काळी चारसाठी करायचे ते असे. पांढरी एक १४ सेंट खाली, पांढरी चार १६ खाली, पांढरी पाच १२ खाली. रागात कोमल गांधार असेल तर पांढरी सात १६ वर, कोमल धैवत असेल तर पांढरी तीन १४ वर. बाकीचे सूर आहेत तिथे राहू द्यावेत. बाराच्या बारा सूर पुस्तकी हिशेबाने हलवण्याचा हौशी उद्योग करू नये, कारण कोमल निषादाच्या आणि रिषभाच्या जागा रागागणिक बदलतात आणि नाट्यपदात अंतऱ्याला राग बदलला की सगळे गणित उलटते.

यात तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिले, ट्रान्सपोज. पुष्कळ वादक कुठलेही गाणे पांढरी एकवरूनच वाजवतात आणि पट्टी बटणाने बदलतात. काही मॉडेलांत ट्रान्सपोज केल्यावर हलवलेले सूर बोटांबरोबर जातात, काहींत मूळ पट्टीवरच राहतात. खात्री करायला एक सूर मुद्दाम ५० सेंट खाली ओढावा, ट्रान्सपोज करावे आणि कुठली पट्टी रडते ते ऐकावे. दुसरे, डाव्या हाताचे कॉर्ड. धैवत १६ सेंट उतरवला आणि रिषभ तसाच ठेवला, तर त्या दोघांमधला पंचमभाव, म्हणजे षड्ज-पंचमासारखे अंतर, ७०२ऐवजी ६८४ सेंटांचा उरतो आणि रिषभावरचा कॉर्ड कुबट वाजतो. ज्या की-बोर्डात प्रत्येक पार्टला, म्हणजे सोलो, कॉर्ड अशा प्रत्येक थराला, वेगळी जुळवणी देता येते त्यात फक्त सोलो टोन हलवावा. ही सोय नसेल तर पॅडमध्ये, म्हणजे मागे लांबवलेल्या भरणीच्या सुरांत, गांधार दाबूच नये. षड्ज-पंचम धरला की भरणा होतो आणि गायकाचा गांधार मोकळा राहतो. तिसरे, शेजारी पेटी असेल तर शास्त्र बाजूला ठेवून पेटीच्या मागे जावे. पेटी गांधार ट्यूनिंगची, म्हणजे शुद्ध गांधाराला जुळवलेली, असेल तर गोष्ट वेगळी. साध्या पेटीशेजारी की-बोर्डने शुद्ध गांधार लावला तर पेटी आणि की-बोर्डच एकमेकांशी भांडतात आणि गायक मधल्या मध्ये सापडतो.

नाट्यसंगीतातला पायपेटीचा ऑर्गन असेल तर आधी मूळ पट्टीच तपासावी लागते. जुने ऑर्गन ४४० हर्ट्झच्या आजच्या प्रमाण पट्टीवर असतातच असे नाही. ऑर्गनची आणि की-बोर्डची मधली पांढरी सहा एकदम दाबून ठेवावी आणि दहा सेकंदांत आवाज किती वेळा डुलतो ते मोजावे. तीस वेळा डुलला तर फरक तीन हर्ट्झचा, म्हणजे जवळपास १२ सेंट. मग की-बोर्डचे मास्टर ट्यून, म्हणजे सगळे सूर एकदम सरकवणारी सोय, ४४३ करून पाहावे. डुलणे वाढले तर ४३७. हे सगळे दोन मिनिटांचे काम आहे. पडदा उघडायच्या आधी ऑर्गनवाले काका आणि की-बोर्डवाला पोरगा यांनी एकमेकांशी बोलण्याची तेवढी गरज आहे, आणि खरी अडचण बहुधा तिथेच असते.

आता पोताविषयी. की-बोर्डमधला बासरीचा टोन म्हणजे खऱ्या बासरीचे मुद्रित केलेले सुटे सूर. प्रत्येक पट्टी दाबली की फुंकरीची तीच सुरुवात पुन्हा वाजते. बासरीवादक एका श्वासात पाच-सहा सूर घेतो, त्याची फुंकर एकदाच ऐकू येते. म्हणून की-बोर्डवरची द्रुत तान टाइपरायटरसारखी टकटकते. टोन एकसुरी करावा आणि लेगॅटो चालू करावे. मग पहिली पट्टी सोडण्याआधी दुसरी दाबली तर सुरुवात पुन्हा न वाजता फक्त सूर बदलतो. आवाजाची चढ-उतार बोटांच्या जोरावर सोडू नये, एक्स्प्रेशन पेडल लावावे. १९८३पासून चालत आलेल्या मिडी या इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या सूचना-पद्धतीत हा ११ क्रमांकाचा कंट्रोलर, मूल्ये ० ते १२७. लांब सूर ७०वर सुरू करून १००पर्यंत नेला आणि सोडताना ४०वर आणला की श्वास असल्याचा भास होतो. या एका पेडलइतका फरक दुसरी कुठलीही खरेदी करत नाही, असे आमचे मत आहे.

मींडेसाठी पिच बेंडची चाकी असते. कारखान्यातून ती दोन पट्ट्यांपुरतीच, म्हणजे षड्जावरून रिषभापर्यंतच पोचते. मध्यमापर्यंत जायचे तर तिचा पल्ला पाच करावा लागतो. पण मुद्रित केलेल्या टोनला तीन-चार पट्ट्यांच्या पलीकडे ओढू नये, कारण सुराबरोबर वाद्याच्या भोपळ्याचा आवाजही वर सरकतो आणि सतार खेळण्यातली वाटू लागते. लाटेपासून घडवलेल्या, म्हणजे खऱ्या अर्थाने सिंथेसायझरच्या टोनला हे बंधन नाही. म्हणूनच की-बोर्डवर सतारीची नक्कल करण्यापेक्षा साध्या करवती लाटेचा टोन घेऊन, त्याची वरची धार फिल्टरने उतरवून मींड काढली तर ती जास्त जिवंत लागते. सारंगी मात्र की-बोर्डवर वाजवू नये. आम्ही हे काम करणारे असूनही म्हणतो.

मालिका आणि चित्रपटांची गाणी ऐकून बसवणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींवर चालतो आणि आपले दूरचित्रवाणी प्रक्षेपण २५वर. त्यामुळे जुने चित्रपट दूरदर्शनसाठी २५ चौकटींच्या वेगाने चालवले जात. दीडशे मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपायचा आणि गाण्याची पट्टी सुमारे ७१ सेंट वर जायची. टीव्हीवरून उतरवलेल्या जुन्या ध्वनिफितीवर की-बोर्ड लावून पाहिला तर गाणे दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी सापडते. त्याचे हे कारण. मूळ तबकडीशी ताडून पाहावे, नाहीतर मास्टर ट्यूनने सरकवून घ्यावे.

याच २५ चौकटींचा पार्श्वसंगीत करणाऱ्याला फायदाही होतो. लय मिनिटाला १०० मात्रांची ठेवली तर एक मात्रा बरोबर १५ चौकटींची होते, १२५ ठेवली तर १२ चौकटींची. दृश्य बदलते तिथे सम आणायची असेल तर या लयी सोयीच्या. १२०ला मात्रा साडेबारा चौकटींची होते आणि दर दुसरा ठोका अर्धी चौकट हुकतो. महाविद्यालयांतून लघुपट करणारी मुले सॉफ्टवेअरने दिलेली १२०ची लय तशीच ठेवतात आणि मग कापणी जुळत नाही म्हणून संपादकाला बोल लावतात.

साताऱ्याकडे, वाईच्या परिसरात मालिकांचे चित्रण सतत चालू असते. घरी बघताना संवाद कळत नाहीत, संगीत अंगावर येते, ही तक्रार घरोघरी आहे. पात्राने नुसती मान वळवली तरी खाली एक जाड पॅड सुरू होतो. मोठ्या स्पीकरवर मिसळताना त्या पॅडचा खर्ज छान भरून येतो. टीव्हीच्या बारक्या स्पीकरमधून आणि मोबाइलमधून खर्ज येतच नाही, उरतो तो मधला भाग. शब्दांतले त, क, च ही व्यंजने कळतात ती मुख्यतः २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि पॅडची झिलईही नेमकी तिथेच. त्या पट्ट्यात पॅड ३-४ डेसिबलने उतरवला तर संगीत कमी झाल्यासारखे वाटत नाही आणि संवाद वर येतात. हौशी नाटकातही हेच करावे: मिक्सरवर की-बोर्डच्या चॅनेलचा मधल्या टोनची खुंटी थोडी डावीकडे फिरवावी. सगळा आवाज खाली ओढायची गरज पडत नाही.

स्पीकरची घुरघुर हा तर की-बोर्डचा दोषच नाही. की-बोर्डपासून मिक्सरपर्यंत साधी मोठ्या जॅकची वायर पाच-सहा मीटरच्या पुढे नेऊ नये. रंगमंचापासून प्रेक्षागृहाच्या मागच्या टोकाचे अंतर वीस मीटर तरी भरते. तिथे डीआय बॉक्स, म्हणजे वाद्याचा आवाज लांब केबलसाठी बदलून देणारी डबी, हवी. मग आवाज माइकच्या तीन तारी केबलमधून जातो. घुर्र आवाज सलग आणि खर्जातला असेल तर तो ५० हर्ट्झचा, म्हणजे अर्थिंगचा घोटाळा. डीआय बॉक्सवरचे ग्राउंड लिफ्टचे बटण दाबून पाहावे. आवाज चिरका, माशीसारखा असेल आणि प्रकाशयोजनाकाराने दिवे मंद केले की वाढत असेल, तर तो डिमरचा. त्यावर उपाय एकच: ध्वनीची लाइन डिमरपेक्षा वेगळ्या फेजवरून घ्यायची आणि दिव्यांच्या वायरींना समांतर न नेता आडवी ओलांडायची. घुरघुर थांबावी म्हणून थ्री-पिनची अर्थिंगची पिन तोडण्याची जी पद्धत आहे ती जिवावर बेतणारी आहे. बिघाड झाला तर वीज जायला माइक धरलेल्या गायकाशिवाय दुसरी वाट उरत नाही.

लॅपटॉपवरून टोन वाजवणाऱ्यांनी बफर, म्हणजे आवाज सोडण्याआधी साठवायचा तुकडा, २५६ नमुन्यांचा ठेवावा. ४८ किलोहर्ट्झला तो साधारण ५ मिलिसेकंदांचा होतो. १०२४ ठेवला तर २१ मिलिसेकंद, आणि तबल्याबरोबर वाजवताना ते बोटाला कळते. ब्लूटूथ स्पीकरवर थेट वादन करू नये. तिथे उशीर एवढा असतो की लय जमणेच शक्य नाही.

की-बोर्डच्या मागे दोन भोके असतात: डावे, ज्यावर 'मोनो' असेही छापलेले असते, आणि उजवे. एकच वायर असेल तर ती डाव्यात घालावी. मग आतच दोन्ही बाजू एकत्र होऊन येतात. उजव्यात घातली तर निम्मे वाद्य बाहेर येत नाही. आणि दोन वायरी मिक्सरवर नेऊन शेवटी सगळे मोनोच होणार असेल तर पियानो आणि कोरसचे टोन एकमेकांना खाऊन पातळ होतात. सांगली आकाशवाणीच्या मध्यम लहरींसाठी ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असते. १२५१ किलोहर्ट्झवरून घरच्या रेडिओत पोचतो तो मोनो आवाज, तोही साधारण साडेचार किलोहर्ट्झपर्यंतचा. घंटीसारखे चमचमते टोन तिथे निव्वळ वाया जातात. ऑर्गन, क्लॅरिनेट, साधी बासरी टिकतात.

दुरुस्तीबद्दल थोडेच. एखादी पट्टी हलकेच दाबली तरी अचानक ठणकन वाजते, असे खूप जण सांगतात. प्रत्येक पट्टीखाली रबराचे दोन संपर्क असतात आणि पहिला ते दुसरा लागेपर्यंतच्या वेळावरून जोर मोजला जातो. पहिल्यावर धूळ बसली की वेळ शून्य मोजला जातो आणि सूर पूर्ण जोराने वाजतो. रबराची पट्टी काढून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसावी. कानशी, पॉलिश पेपर लावला की काळा कार्बन निघून जातो आणि ती पट्टी कायमची गेली. अडॅप्टर उसना घेताना ध्रुव पाहावेत: जुन्या कॅसिओच्या बऱ्याच मॉडेलांत ९ व्होल्ट आणि मधली पिन ऋण, यामाहाच्या पोर्टेबलमध्ये १२ व्होल्ट आणि मधली पिन धन. २०१९च्या महापुरात, आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेले तेव्हा, पुष्कळ वाद्ये बुडाली आणि त्यांतली कित्येक पाण्याने मेली नाहीत. चालते का बघू म्हणून कुणीतरी स्विच टाकला आणि ती मेली. पाण्यात गेलेल्या की-बोर्डचे सेल आधी काढावेत, गाळ वाळण्यापूर्वी स्वच्छ पाण्याने धुवावा, मग अल्कोहोल, मग सावलीत आठवडाभर. स्पीकरचे कागद आणि वीजपुरवठ्याची पाटी बदलावी लागते, बाकीचे बहुधा वाचते.

स्पर्धेच्या संयोजकांना खरोखर काही बंद करायचे असेल तर आधी मुद्रित करून आणलेले ट्रॅक आणि एका बटणावर वाजणाऱ्या तयार स्टाइली बंद कराव्यात. तिथे वादक नसतोच. गायक थांबला, आलाप लांबला, टाळी आली म्हणून पद पुन्हा घेतले, तरी ट्रॅक आपल्या गतीने पुढे जातो. नाट्यसंगीताचा सगळा खेळ तर त्या थांबण्यातच आहे. हाताने वाजवलेल्या सिंथेसायझरला ही अडचण नाही. नियम असा करता येईल: प्रत्येक सूर त्या क्षणी कुणाच्या तरी बोटातून आला पाहिजे. शिवाय प्रत्येक संघाला सूर जुळवायला पडदा उघडण्यापूर्वी पंधरा मिनिटे शांतता मिळावी, ध्वनीची वीजलाइन वेगळी असावी आणि दोन डीआय बॉक्स नाट्यगृहानेच ठेवावेत. आणि पार्श्वसंगीताच्या बक्षिसात टोन घडवणाऱ्याचे नाव संगीतकाराच्या नावाखाली तरी छापावे.

मिरजेच्या कारागिरांच्या पोटावर इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याने पाय दिला, असे एका पत्रात म्हटले आहे. त्यात तथ्य आहे, ते नाकारायचे नाही. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा उपयोग इथेही करता येईल. मोबाइलमधला तानपुरा पुष्कळदा एकाच पट्टीत मुद्रित करून बाकी पट्ट्यांत ताणलेला असतो. काळी एकचा तानपुरा काळी चारमध्ये ताणला की भोपळा आकसल्यासारखा वाटतो आणि जवारीची, म्हणजे घोडीवरून तारेला येणाऱ्या झणकाराची, झिलई करकरते. पुरुषी पट्टीतला खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास. मोबाइलचा स्पीकर तो वाजवूच शकत नाही, कान तो वरच्या सुरांवरून कल्पून घेतो. मिरजेत जवारी लावलेल्या एका पुरुषी आणि एका बायकी तानपुऱ्याचे प्रत्येक पट्टीतले स्वतंत्र मुद्रण करून ठेवले, तर संगीतकारांना, मालिकावाल्यांना आणि विद्यार्थ्यांना मिरजेचा खरा सूर मिळेल आणि कारागिराचे नाव त्याबरोबर जाईल; त्याचे मानधनही ठरवता येईल.

काम अवघड नाही. चित्रपट-टीव्हीच्या सवयीप्रमाणे ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. प्रत्येक तार सुटी छेडून विरेपर्यंत, निदान तीस सेकंद. एकेका तारेचे आठ-दहा आघात, म्हणजे तोच तोच आघात पुन्हा वाजल्याचे जाणवत नाही. पट्टी बदलली की तार नव्याने ताणून अर्धा तास बसू द्यावी आणि जवारीचा दोरा कारागिराने स्वतः पुन्हा सरकवावा; हे ध्वनिमुद्रकाने करू नये. दोन माइक पुरतात, एक घोडीपासून हातभर अंतरावर आणि दुसरा दांड्याच्या वरच्या बाजूला. पंखा बंद, रस्ता शांत. म्हणजे मिरजेत रात्री अकरानंतर. बारा पट्ट्यांना चार-पाच रात्री लागतील. मुद्रणाची यंत्रसामग्री आमच्याकडे आहे, आणि कारागिरांची तयारी असेल तर आम्ही ते विनामूल्य करून देऊ.

आपले,
ध्वनिमुद्रण आणि वाद्यदुरुस्तीच्या कामातले काही वाचक,
सांगली-मिरज